‘रिलक्टंट’ म्हणजे नकार नव्हे : एका इंग्रजी शब्दाची नवशिक्यांसाठी ओळख

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी शोधायला निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला या तालुक्यांतून नाशिकला आलेली मुले-मुली संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीचा सराव करायला बसतात, तेव्हा काही शब्द दर वर्षी हमखास अडतात आणि त्यांत ‘रिलक्टंट’ हा शब्द असतोच. तो अवघड आहे म्हणून अडत नाही. सोपा वाटतो म्हणून अडतो. शब्दकोशात ‘अनिच्छुक, नाखूश, नाराज’ असे दोन-तीन अर्थ एका ओळीत दिलेले असतात, विद्यार्थी त्यांतला एक पाठ करतो आणि पान उलटतो. पुढे मुलाखतीत ‘रात्रपाळीला याल का?’ असे विचारले की तो ‘आय ॲम रिलक्टंट’ असे उत्तर देऊन येतो. आपण स्वच्छ ‘नाही’ म्हणालो, असे त्याला वाटत असते. समोरच्या साहेबांनी मात्र ‘याचे मन नाही, पण थोडे समजावले तर येईल’ अशी नोंद केलेली असते.

मीही या खड्ड्यात पडलेलो आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यक्रमाचे इंग्रजी निमंत्रण आले होते. मला जमणार नव्हते, म्हणून मी सभ्य शब्द शोधून ‘आय ॲम रिलक्टंट टू अटेंड’ असे लिहून पाठवले आणि निर्धास्त झालो. कार्यक्रमाच्या दिवशी संस्थेचे दोन पदाधिकारी गाडी घेऊन दारात उभे राहिले, कारण माझ्या वाक्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता : गृहस्थ आढेवेढे घेत आहेत, न्यायला गेले तर येतील. चूक माझ्या शब्दाची होती आणि मला जावे लागले. म्हणून पुढील पायऱ्या मी त्याच क्रमाने मांडल्या आहेत, ज्या क्रमाने त्या मला स्वतःला उलगडत गेल्या.

पहिली पायरी : शब्द आतून उघडून पाहा

उच्चारापासून सुरुवात करावी. शब्दाचे तीन तुकडे आहेत, रि-लक्-टंट, आणि जोर मधल्या ‘लक्’वर आहे. ‘रेलॅक्टंट’ असे म्हटल्यास ऐकणाऱ्याला ‘रिलॅक्स’ची आठवण होते आणि अर्थ नेमका उलट्या दिशेला जातो.

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात रुळला आणि तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘लुक्तारी’ या क्रियापदाचा अर्थ कुस्ती खेळणे, झुंजणे असा होतो. त्याला ‘रे’ हा उपसर्ग लागला की ‘विरोधात झुंजणे’ असा अर्थ तयार होतो. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी अर्धे काम झाले. रिलक्टंट माणसाच्या मनात इच्छा नसते, असे नाही. त्याच्या मनात कुस्ती चाललेली असते. एका बाजूला ‘करायला हवे’ किंवा ‘करावे लागेल’ असते, दुसऱ्या बाजूला ‘नको’ असते, आणि दोघांनी एकमेकांना धरून ठेवलेले असते. ‘अनिच्छुक’ या शब्दात ही दुसरी बाजूच नाही. तिथे इच्छा शून्य आहे, आखाड्यात एकच पैलवान उभा आहे, आणि एका पैलवानाची कुस्ती होत नाही.

जानेवारीतल्या पहाटे रामकुंडाच्या पायरीवर उभा असलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. आजी खालून ‘ये रे’ म्हणून बोलावते आहे, गोदावरीचे पाणी गार आहे, मुलगा एक पाय पुढे करतो आणि मागे घेतो. तो पळून जात नाही आणि उतरतही नाही. त्या पायरीवरच्या दोन मिनिटांचे वर्णन इंग्रजी माणूस ‘रिलक्टंट’ या एका शब्दात करतो.

दुसरी पायरी : काम झाले की नाही, ते विचारा

माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती समजण्यासाठी नाशिक जिल्ह्याला लासलगावच्या कांदा बाजारापेक्षा चांगली शाळा नाही.

उन्हाळ कांदा काढून शेतकऱ्याने चाळीत भरला आहे, भाव पडलेला आहे, आणि वर्तमानपत्रात बातमी येते की ‘फार्मर्स आर रिलक्टंट टू सेल’. या वाक्यातून काय कळते? शेतकऱ्यांना या भावात माल द्यायचा नाही, एवढे कळते. त्यांनी माल दिला की नाही, हे मात्र या वाक्यातून कळतच नाही. आवक थोडी घटलेली असू शकते, काही जण वाट पाहत असू शकतात, ज्याच्या घरी लग्न आहे किंवा सोसायटीचे कर्ज थकले आहे त्याने ट्रॅक्टर भरून बाजार समितीत नेलेलाही असू शकतो.

आता दुसरे वाक्य घ्या : ‘द फार्मर रिलक्टंटली सोल्ड हिज अनियन्स’. इथे शेवटी ‘ली’ लागले आणि चित्र पालटले. माल विकला गेला आहे. लिलाव झाला, वजन झाले, हिशेबपट्टी हातात आली. ‘रिलक्टंटली’ हा शब्द ज्या क्रियेला चिकटतो ती क्रिया घडलेलीच असते, फक्त ती मनाविरुद्ध घडलेली असते. विद्यार्थी इथे फार घसरतात. ‘ही रिलक्टंटली अग्रीड’ याचा अर्थ ‘त्याने मान्य केले नाही’ असा लावणारे पदवीधर मी पाहिले आहेत. त्याने मान्य केले, कुरकुरत का होईना, पण केले.

तिसरे वाक्य ‘रिफ्यूज्ड’चे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी बाजार समित्यांमधले लिलाव बंद ठेवले. तिथे मनातली कुस्ती संपलेली होती आणि निर्णय जाहीर झाला होता. अशा ठिकाणी ‘ट्रेडर्स वेअर रिलक्टंट’ असे लिहिणे म्हणजे बंद दरवाजाला ‘किंचित उघडा’ म्हणणे आहे. तिथे ‘रिफ्यूज्ड’ हाच शब्द हवा.

वाचताना म्हणून एक सवय लावून घ्यावी. हा शब्द दिसला की पेन्सिल थांबवून स्वतःला विचारावे : काम झाले, झाले नाही, की अजून कळलेले नाही? ‘रिलक्टंटली’ असेल तर झाले. ‘रिफ्यूज्ड’ असेल तर झाले नाही. नुसते ‘रिलक्टंट टू’ असेल तर पुढच्या वाक्याची वाट पाहावी, कारण इंग्रजी लेखक बहुधा तिथे एक ‘बट’ ठेवून देतो आणि खरी गोष्ट त्या ‘बट’नंतर सांगतो.

तिसरी पायरी : मराठीतला जोडीदार प्रसंग पाहून निवडा

शब्दकोशाने दिलेला एकच प्रतिशब्द सगळीकडे लावण्याचा हट्ट सोडला की या शब्दाची खरी गंमत कळते. मराठीत मनाच्या या अवस्थेसाठी एक विशेषण क्वचितच पुरते. आपण तिथे वाक्प्रचार वापरतो, आणि प्रत्येक वाक्प्रचार ‘नको’ कुठून येते हेही सांगून जातो. इंग्रजी शब्द ते सांगत नाही. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना आपल्याला कारण शोधावे लागते आणि मराठीतून इंग्रजीत जाताना ते कारण वेगळे लिहावे लागते.

निफाडचा पारा उतरलेला असताना पहाटेच्या पाळीसाठी उठायला ‘जिवावर येते’. यामागे आळस आहे, किंवा कष्टाचा कंटाळा. दिवाळीच्या सुट्टीनंतर माहेरून निघालेली मुलगी जुन्या सीबीएस बसस्थानकावर गाडी लागली तरी आईशी बोलत उभी राहते, कारण तिचा ‘पाय निघत नाही’. यामागे माया आहे. नवी मोटारसायकल घाटात चालवायला एखाद्याचे ‘मन धजावत नाही’; यामागे भीती आहे. उसने पैसे द्यायची वेळ आली की मामा ‘हात आखडता घेतात’. यामागे हिशेब आहे. या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘रिलक्टंट टू’ बसते : रिलक्टंट टू गेट अप, रिलक्टंट टू लीव्ह, रिलक्टंट टू राइड, रिलक्टंट टू लेंड. चारही वाक्ये बरोबर आहेत आणि चारही वाक्ये मराठीच्या मानाने थोडी फिकी आहेत. म्हणून इंग्रजी वाक्यात पुढे ‘बिकॉज’ जोडण्याची सवय ठेवावी. जी माया किंवा भीती मराठी वाक्प्रचारात आपोआप आली होती, ती ‘बिकॉज’च्या मागे उभी करावी लागते.

‘रिलक्टंटली’साठी मात्र आपल्याकडे एक फार चपखल शब्द आहे, आणि तो शब्दकोशांनी का वापरू नये हे मला समजत नाही : ‘भिडेखातर’. शेजाऱ्याने सोसायटीच्या समितीवर नाव सुचवले, सगळ्यांसमोर नाही म्हणवेना, म्हणून भिडेखातर हो म्हटले. ‘ही रिलक्टंटली अग्रीड’ याचे इतके नेमके भाषांतर दुसरे मिळणार नाही. अर्थात जिथे भीड नसून परिस्थितीचा रेटा असतो, तिथे ‘नाइलाजाने’ म्हणावे. त्यातही एक बारकावा आहे : ‘नाइलाज’ हा शब्द बोट बाहेरच्या परिस्थितीकडे दाखवतो, तर ‘रिलक्टंट’ हा आतल्या मनाकडे. ‘माझा नाइलाज होता’ असे बचावाच्या सुरात म्हणायचे असेल, तर इंग्रजीत ‘आय हॅड नो चॉइस’ हेच योग्य.

दोन शब्दांपासून मात्र दूर राहावे. पहिला ‘नाराज’. नाराजी बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर येते. बदली झाली, म्हणून तो नाराज आहे. रिलक्टन्स कृतीच्या आधी किंवा कृती करताना असतो. बदलीच्या गावी जायला तो रिलक्टंट आहे. नाराज माणसाला इंग्रजीत ‘अपसेट’ किंवा ‘अनहॅपी’ म्हणावे. दुसरा शब्द ‘टाळाटाळ’. टाळाटाळ दिसते, ती वागण्यात असते. रिलक्टन्स मनात असतो आणि कधीकधी तो चेहऱ्यावरही उमटत नाही. टाळाटाळीसाठी इंग्रजीत ‘अव्हॉइड’ आणि ‘डिले’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.

आणि पंगतीत तिसऱ्या पुरणपोळीला ‘नको, नको’ म्हणत ताट पुढे सरकवणारा पाहुणा रिलक्टंट मुळीच नसतो. तिथे ‘नको’ हा केवळ शिष्टाचार आहे.

चौथी पायरी : वाक्यात बसवा

इथे फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. ‘रिलक्टंट’नंतर ‘टू’ आणि त्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप, एवढाच नियम आहे : ‘रिलक्टंट टू गो’. आपण मराठीत ‘जायला नाखूश’ म्हणतो आणि त्या ‘ला’मुळे ‘रिलक्टंट फॉर गोइंग’ असे लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. ‘रिलक्टंट टुवर्ड्स स्टडीज’ हेही आपल्याकडे सर्रास ऐकू येते, आणि बोलणाऱ्याला बहुधा ‘अभ्यासात लक्ष नाही’ असे म्हणायचे असते, ज्याचा या शब्दाशी संबंध नाही. नाम ‘रिलक्टन्स’ असे आहे आणि त्याच्यापुढेही ‘टू’च येतो. क्रियाविशेषण शक्यतो मुख्य क्रियापदाच्या आधी ठेवावे : ‘शी रिलक्टंटली साइन्ड’. विशेषण नामाच्या आधीही येते, जसे ‘अ रिलक्टंट स्माइल’, म्हणजे ओठांवर आणावे लागलेले हसू.

पाचवी पायरी : शेजारच्या शब्दांची गल्लत टाळा

या शब्दाच्या आसपास चार-पाच शब्द असे आहेत की ते एकमेकांचे कपडे घालून फिरतात. त्यांना ओळखण्यासाठी मी व्युत्पत्तीचाच उपयोग करतो, कारण योगायोगाने बहुतेकांच्या मुळाशी शरीराची एक हालचाल आहे आणि तीच हालचाल मराठी वाक्प्रचारांतही सापडते.

‘अव्हर्स’ या शब्दाच्या मुळाशी वळणे, फिरवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. अव्हर्स माणूस कुस्ती खेळत नाही. त्याने सरळ तोंड फिरवलेले असते. हा कायमचा कल असतो, एका प्रसंगापुरता नव्हे; म्हणून गुंतवणुकीच्या क्षेत्रात जोखीम टाळण्याचा स्वभाव असलेल्याला ‘रिस्क-अव्हर्स’ म्हणतात. याचा जुळा भाऊ दिसणारा ‘ॲडव्हर्स’ हा शब्द माणसाला लावत नाहीत. तो परिस्थितीला लागतो. ऐन द्राक्षांच्या हंगामात पडलेला अवकाळी पाऊस म्हणजे ‘ॲडव्हर्स वेदर’.

‘हेझिटंट’च्या मुळाशी चिकटून राहणे, अडकणे हा अर्थ आहे; ‘ॲडहेझिव्ह’ म्हणजे चिकटपट्टी, ती याच घराण्यातली. हेझिटंट माणसाचा पाय अडखळतो, कारण त्याचे अजून ठरलेले नसते. रिलक्टंट माणसाला आपल्याला काय नको आहे ते पुरते ठाऊक असते. हेझिटंट माणसाला तेच ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या आरोग्यापुढील दहा धोक्यांची यादी केली, तिच्यात लसीबाबतची साशंकता हा एक धोका होता आणि त्यासाठी ‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’ हा शब्द वापरला होता. घ्यावी की न घ्यावी, या विचारात थबकलेल्या माणसासाठी तो शब्द नेमका आहे.

‘रेटिसंट’च्या मुळाशी गप्प राहणे आहे. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला, स्वतःविषयी फारसे न बोलणारा माणूस रेटिसंट. अलीकडे पुष्कळ जण, त्यांत इंग्रजी मातृभाषा असलेलेही आले, ‘रिलक्टंट’च्या जागी ‘रेटिसंट’ लिहितात. काटेकोर संपादकांना ते आवडत नाही आणि मलाही आवडत नाही. बोलण्याचा संबंध असेल तरच हा शब्द वापरावा.

‘लोथ’ आणि ‘लोद’ ही जोडी सर्वांत फसवी आहे. लिहिताना दोन्हींत फक्त शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे, उच्चारात पहिल्याच्या शेवटी ‘थ’सारखा आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘द’सारखा ध्वनी आहे. ‘लोथ’ म्हणजे अतिशय नाखूश, ‘रिलक्टंट’चाच जरा जुन्या वळणाचा आणि अधिक जोरकस भाऊ; ‘लोद’ हे क्रियापद, म्हणजे किळस येणे, मनापासून तिरस्कार करणे. साहेबांना ‘मी रजा मागायला नाखूश आहे’ असे लिहिण्याच्या ऐवजी चुकून ‘मला रजेची किळस येते’ असे लिहिले जाऊ नये, यासाठी नवशिक्यांनी ‘लोथ’ वाचताना ओळखावा आणि लिहिताना वापरू नये.

तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर

सातपूरच्या आयटीआयमध्ये किंवा अभियांत्रिकीला शिकणाऱ्यांना ‘रिलक्टन्स’ हा शब्द चुंबकत्वाच्या धड्यातही भेटतो आणि ते विचारतात की लोखंडाला कसली आली अनिच्छा. विजेच्या मंडलात जसा ‘रेझिस्टन्स’, तसा चुंबकीय मंडलात ‘रिलक्टन्स’. ही संज्ञा ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये रूढ केली. मोटारीच्या लोखंडी गाभ्यातून चुंबकीय प्रवाह सहज जातो, मधल्या हवेच्या फटीत मात्र त्याला मोठा अडथळा होतो. तरीही तो फटीतून जातोच. वीज अडवायला रबर किंवा चिनी माती असते. चुंबकीय प्रवाह तसा पुरता तोडून टाकणारा पदार्थ कारखान्यात रोजच्या वापरात सापडत नाही. अडथळा आहे पण मार्ग बंद नाही, हे या शब्दाचे वर्गातले आणि यंत्रातले रूप एकच आहे, त्यामुळे धडा पाठ करणाऱ्यांना मी आधी हेच उदाहरण देतो.

सहावी पायरी : स्वतः वापरा, पण जपून

आता सुरुवातीच्या मुलाखतीकडे परत जाऊ. ‘रात्रपाळीला याल का?’ या प्रश्नाला तीन प्रामाणिक उत्तरे असू शकतात आणि तिन्हींसाठी वाक्ये वेगळी आहेत. मुळीच जमणार नसेल, तर ‘आय ॲम अफ्रेड आय वोन्ट बी एबल टू वर्क नाइट्स’ असे म्हणावे. यात सभ्यता आहे आणि संदिग्धता नाही. जमेल पण दिवसपाळी आवडेल, असे असेल तर ‘आय वुड प्रिफर द डे शिफ्ट’ एवढेच पुरे. इथे ‘रिलक्टंट’ शब्द आणून आपली बाजू स्वतःहून कमकुवत करू नये. खरोखर मनात झुंज असेल, तरच ‘आय ॲम अ लिटल रिलक्टंट टू टेक नाइट शिफ्ट्स, बिकॉज माय फादर इज अन्वेल, बट आय कॅन स्टार्ट आफ्टर मार्च’ असे सविस्तर सांगावे. ‘अ लिटल’ने धार कमी होते, ‘बिकॉज’ने कारण कळते, ‘बट’ने दार उघडे राहते. कारण न देता नुसते ‘आय ॲम रिलक्टंट’ म्हणून थांबणे म्हणजे समोरच्याला घासाघीस करण्याचे आमंत्रण देणे होय, हे माझ्या दारातल्या त्या गाडीवरून मला समजले.

पत्रात ‘विथ ग्रेट रिलक्टन्स’ हा शब्दप्रयोग राजीनाम्यासाठी किंवा देणगी परत करण्यासाठी शोभतो. शनिवारच्या सुट्टीच्या अर्जात तो वापरला तर हसू होते.

सरावासाठी एवढेच सांगतो. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे; तिथे इंग्रजी वर्तमानपत्रे चाळताना हा शब्द जिथे सापडेल ते वाक्य वहीत उतरवावे आणि त्याच्यासमोर मराठीत दोन गोष्टी लिहाव्यात : काम झाले का, आणि ‘नको’ कुठून आले. दहा वाक्ये झाली की अकरावे स्वतःचे लिहावे. गेल्या हंगामात निफाडकडच्या एका विद्यार्थ्याने आपले अकरावे वाक्य असे लिहून आणले होते : ‘माय फादर रिलक्टंटली ओपन्ड द चाळ ऑन मंडे, बिकॉज द रेन वॉज कमिंग.’ काम झाले होते, ‘नको’ कुठून आले तेही वाक्यात होते. चाळीला इंग्रजी शब्द कोणता, असे त्याने विचारले. तो शोधू नकोस, तसाच राहू दे, असे मी त्याला सांगितले आणि त्या दिवशी कांदा काय भावाने गेला ते विचारले.